लॉब्स्टरची वाफ

नावनोंदणीच्या खिडकीवरच्या बाईला ‘ताप नाही’ असं सांगून कोरीन टाके दाखवायला हॅलिफॅक्सच्या दवाखान्यात बसली होती. शेजारी दोघी मैत्रिणी बोलत होत्या.

“स्तनाचं ऑपरेशन झक्क झालं गं, व्हेल्मा. पण जखमेत जंतू शिरले. तीन अँटिबायोटिक्स पचवून बसलेत मेले!”

“मग आता?”

“चौथं, थेट शिरेतून. औषधाचा छोटा पंप पर्समध्ये घालून बिंगो खेळायला जाते.”

“आधी नाही कळलं?”

“छाती लाल, चार दिवस ताप. म्हटलं, लॉब्स्टर उकडताना वाफ लागली असेल. लेकाचं लग्न तोंडावर, सांगते कशाला?”

“चारही दिवस लॉब्स्टरच उकडत होतीस?”

“उलटतपासणी नको करूस, भवाने!”

दोघी खिदळल्या. कोरीन उठली, खिडकीपाशी गेली.

“बाई, ‘ताप नाही’ लिहिलंत ना? तेवढं खोडा.”