कासाराने न ओळखलेला हात

बसा, मंडळी. पुरुषांनी पुढे यावे — हो, आज पुरुषांनीच! एरवी तुम्ही मागे खांबाला टेकून बसता आणि बायकांना ऐकायला लावता. आज मला तुमच्याशी बोलायचे आहे. पेटीवाले, सूर धरून ठेवा, वाजवू नका. आधी मला एक विचारू दे.

ज्याच्या खिशात काही नाही, अशा बापाने लेकराला द्यायचे काय?

तुम्ही म्हणाल, “बाई, खिशात आले की देऊ!” बरोबर. अगदी हेच अनंता झरकरही म्हणत होता. त्याचेच आख्यान आज लावले आहे.

अनंता जातीचा कासार. बांगड्या भरणारा. रोज वेगळ्या गावचा बाजार. डोक्यावर काचेच्या बांगड्यांची पेटी, पायात झिजलेल्या वहाणा. आणि मंडळी, त्याचा हात असा, की बांगडी कधी चढली हे त्या बाईलाच कळू नये! अंगठ्याखालचे हाड हलके दाबायचे, बोलता बोलता बांगडी वर सरकवायची. “माहेरी कधी गेला होता, वहिनी? भाऊ आला होता का न्यायला?” ती सांगत बसायची आणि मनगट हिरवेगार होऊन जायचे!

दोन नेम त्याने कधी मोडले नाहीत. परक्या बाईच्या तोंडाकडे मान वर करून पाहायचे नाही, नजर हातावर. आणि बांगड्या भरून झाल्या की बाई कासाराला वाकून नमस्कार करते, तेव्हा बापाच्या मनाने आशीर्वाद द्यायचा. कारण तेवढ्या वेळापुरता कासार हा बापच! आहे ना ही रीत, बायांनो? माना हलवा — तुम्हाला ठाऊक आहे.

आता याच्या घरात चला. बायको गेलेली. एकुलती एक लेक, मथुरा. आई गेली तेव्हा दुधाचे दात पडत होते. आता परकर सोडून ओढणी घेऊ लागली होती. भाकरी ती थापणार, पाणी ती भरणार. बाप अंधार पडल्यावर येणार, जेवणार, आडवा होणार.

एकदा तिने म्हटले, “बाबा, मला भरा ना बांगड्या. पेटीपुढे बसवून, गिऱ्हाइकासारख्या!”

“वेडी का काय! घरच्यांनी विकायच्या मालाला हात लावायचा नाही. टवका उडालेल्या आहेत ना, त्या घाल.”

“त्या मी घालतेच हो. माझ्या मीच घालते.”

“जरा हात मोकळा होऊ दे, मथे. चार पैसे गाठीला आले की तुला यात्रेला नेतो, झोपाळ्यात बसवतो, लाल चपला घेतो. मग दिवसभर तुझ्याशीच बोलतो!”

मंडळी, मला सांगा — दिवसभर बोलायला चपला कशाला लागतात हो? हसू नका! परवा तुमच्याच लेकाला तुम्ही काय सांगितलेत, ते आठवा आधी.

पुढे यमाईची यात्रा आली आणि यात्रेला आली गोदामावशी, मथुरेच्या आईची थोरली बहीण. शहाणी बाई. सरळ बोलली, “दाजी, पोरगी मला द्या. माझ्या घरी माणसे आहेत. इथे ती भिंतींशी बोलते.”

अनंता खाली मान घालून म्हणाला, “तिला विचारा. मी तिला देऊ शकलो तरी काय?”

मावशीने विचारले. मथुरा मग म्हणाली, “मावशी, उद्या यात्रेत मी बायकांच्या रांगेत बसते. बाबांनी माझा हात ओळखला, तर मी इथेच राहीन. नाही ओळखला, तर तुझ्याबरोबर येईन. पण त्यांना सांगायचे नाही!”

दुसऱ्या दिवशी देवळामागे ही झुंबड! अनंता घामाने न्हालेला. एक हात गेला, दुसरा आला. आणि ओढणी पुढे ओढून मथुरा समोर बसली. हात पुढे केला.

श्रोतेहो, सगळ्या पंचक्रोशीतले हात ज्याला पाठ, त्याने तो हात हातात घेतला. तळव्यावरून अंगठा फिरवला. थांबला...

ओळखले? तुम्हाला काय वाटते?

तो म्हणाला, “कष्टाचा हात आहे गं पोरी. हा तव्याचा चटका. हा दोराचा घट्टा. घरी आई नाही वाटते?”

तिने ओढणीत हुंदका दाबला.

“दुखले का गं? हळू हो, हळू भरतो. बापाला सांग तुझ्या, म्हणावे पोरीला जरा जप.”

किती मायेने बोलला हो! इतकी वर्षे जे ऐकायला ती झुरत होती, ते सारे तिला मिळाले — परक्याची लेक म्हणून मिळाले. तिने पैसे पुढे केले. “नको. आई नसलेल्या पोरीकडून मी घेत नाही.” ती वाकली. याने खाली नजर ठेवून आशीर्वाद दिला, “सुखी राहा.” आणि पुढचा हात धरला.

शेजारी हळदकुंकवाची पाटी लावून ठकूबाई बसली होती. ती म्हणाली, “झरकर, नेमाचे फार पक्के बाई तुम्ही! स्वतःच्या लेकीला आशीर्वाद देतानासुद्धा मान वर करायची नाही?”

“कोण लेक?”

“अहो, ती काय मावशीबरोबर गाडीकडे चाललीय!”

पेटी उघडी टाकून धावला हो! पायाखाली काच कडकड फुटली. एस.टी. सुटायच्या बेतात. खिडकीच्या गजाशी मथुरा. त्याने दोन्ही हातांनी तिचा हात धरला. “मथे! चटका कधी बसला गं?”

“दिवाळीच्या आधी. तुम्ही वाघोलीच्या बाजाराला गेला होता.”

“आणि हा घट्टा?”

“तो जुना आहे, बाबा.”

“उतर गं. या वर्षी नक्की चपला —”

“चपला नकोत, बाबा.” तिने हात सोडवला नाही, पण उतरलीही नाही. “मी मावशीला शब्द दिलाय.”

कंडक्टरने घंटा मारली. गाडी हलली. तो धरलेल्या हाताबरोबर चार पावले धावला आणि मग बोटे सुटली.

तुम्हाला वाटले, माघारी येईल. गोड शेवट होईल, बाई प्रसाद वाटतील! नाही आली. मावशीच्या घरूनच तिचे लग्न झाले. चुडा भरायला अनंतालाच बोलावले होते. मांडवात त्याने साऱ्या बायकांचे हात भरले. लेकीचा हात पुढे आला तेव्हा त्याने मान वर केली, डोळे भरून पाहिले — आणि ती हिरवी काच काही केल्या त्याच्याने वर सरकेना. शेवटी चुडा मावशीने भरला.

आता पुरुषांनी डोळे मिटावेत. मिटा! मागच्यांनीसुद्धा. तुमच्या लेकराचा उजवा हात आठवा. त्याच्यावर खूण कुठे आहे? कशाची आहे? ती लागली तेव्हा तुम्ही कुठे होता?

आठवत नाही ना?

मग देवाच्या तोंडाकडे काय बघत बसलात! उठा. आरती आम्ही बायका करतो. लेकरे निजायच्या आत घरी जा.