कलम नऊ

—नाय इंद्रजित, कमिटीवर माझं नाव घालू नकोस. गेटवर सांगितलं, आता लिफ्टमध्ये पण तेच सांगतो. बस, स्टुलावर बस. चारला पेशंटला भेटायची वेळ, तोवर कोण येत नाय इकडं. मी उभाच बरा, सवय आहे. तू सेक्रेटरी झालास, चांगलं झालं, शिकलेला माणूस आहेस, लॅबमध्ये काम करतोस. जुना करार संपला, साहेब लोक नवा करत नायत, संप होणार — सगळं कबूल. पण या संपात लिफ्ट पण बंद ठेवता यावी म्हणून कलम नऊ काढून टाकायचं म्हणतोस, आणि त्यावर माझी सही पायजे म्हणतोस — ती नाय मिळायची. काय आहे कलम नऊ? लिफ्ट म्हणजे ऑक्सिजनसारखीच अत्यावश्यक, संप असला तरी चालू राहणार, आणि लिफ्टमनला टेक्निशियनची ग्रेड. ते माझंच कलम. चौऱ्याण्णवला मी लिफ्ट बंद केली म्हणून मिळालं, हे दिनानाथनं सांगितलं असणार तुला. तो तेव्हा अध्यक्ष होता. त्याला काय जातं सांगायला — माझं कलम सोडायला तोच पहिला तयार झाला होता.

ऐकायचंय? ऐक मग. तिसऱ्या मजल्यावर मीटिंगची खोली. आमी युनियनचे पाच जण एका बाजूला, मॅनेजमेंटचे सुधीर साहेब आणि त्यांचे दोन वकील दुसऱ्या बाजूला. संपाची एक रीत असते — कामावर कोणकोण राहणार त्याची यादी आपणच द्यायची, म्हणजे कुणाच्या जिवावर बेतायला नको. आमी लिहून दिली : आयसीयू, कॅज्युअल्टी, ऑक्सिजन, आणि खाली मी लिहायला लावलं — लिफ्ट. सुधीर साहेबांनी पेन उचललं आणि लिफ्टवर काट मारली. म्हणाले, लिफ्टमन नसला तर काय अडतं? देवानं पाय दिलेत की लोकांना. सगळे हसले. वकील हसले, दिनानाथ पण हसला. मी पण हसलो, काय करणार. पण ते लागलं मला. साताऱ्याहून आलो तेव्हापासून कधी कुणी इतक्या सहज पुसलं नव्हतं मला. मग मी खाली आलो, जाळीचा दरवाजा ओढला, कुलूप घातलं आणि किल्ली घेतली. यादीत नाय ना? मग नाय.

अकराव्या दिवशी, भर दुपारी, मार्केटचा टेंपो आला. हौसेराव म्हणून माथाडी होता, कोपरखैरण्याला राहायचा. टेंपोत त्याची बायको, रंगूबाई. पोटात काहीतरी फुटलं होतं, आतल्या आत रक्त जात होतं. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब वर घ्या, चौथ्यावर, ऑपरेशनला. वॉर्डबॉय सगळे आमच्याबरोबर गेटवर. स्ट्रेचर जिन्यात वळत नाय. गोणी असती तर हौसेराव एकटाच पाठीवर घेऊन गेला असता, पण पोट दाबलं जाईल म्हणून पाठीवर घेता येईना. मग चादरीत घातलं तिला. चार कोपरे चार माथाड्यांनी धरले.

किल्ली? ती — ती घरी राहिली होती ना, सानपाड्याला. चौकशीत पण मी तेच लिहून दिलं. सवयीनं पँटच्या खिशात गेली, बायकोनं पँट धुवायला टाकली, असं.

असं काय बघतोस?

हौसेराव गेटजवळनंच गेला. माझ्या शर्टवर लिफ्टमनचा बिल्ला होता, त्यानं तो वाचला. थांबला. मला वाटलं, आता मागणार. मागितली असती तर दिली असती मी. अरे, तीन वर्षं हेच म्हणतोय स्वतःला. पण तो माथाडी, त्यांची युनियन आपल्या संपाला पाठिंबा द्यायला मोर्चा घेऊन आली होती आदल्या आठवड्यात, त्यात हा पण होता. संपातल्या माणसाला काम कसं सांगायचं? मला म्हणाला, "ऱ्हाऊ द्या भाऊ, संप हाय तुमचा. आमी चढवतो." आणि गेला. मी खिशात हात घातला होता. किल्ली मुठीत होती, इंद्रजित. घट्ट धरली होती. त्या वेळी माझ्या मनात काय आलं सांगू? आलं की आता कळेल साहेबांना, काय अडतं ते.

दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे गेली ती. जिन्याचा चौक आहे ना, तिथं त्यांनी चादर खाली ठेवली, दम घ्यायला नाय, ती बोलायची थांबली म्हणून.

संध्याकाळी साहेबांनी मान वर न करता लिहिलं — कलम नऊ. ज्याच्यावर अकरा दिवस हसत होते, त्याला दोन मिनिटं पण लागली नायत. दिनानाथनं माझ्या तोंडात पेढा कोंबला. मी खाल्ला. आणि गेटवर हौसेराव उभा, बॉडीची वाट बघत. गुलाल बघून जवळ आला, माझे हात धरले. म्हणाला, "झालं का तुमचं? लई बरं झालं. तिची वेळच आली व्हती."

चाळीस-पन्नास फेऱ्या होतात रोज. दुसरा मजला गेला की जाळीतून तो चौक दिसतो, आणि तिथं ती चार माणसं असतात, वाकून. नसतात रे, मला कळतं नसतात ते. तरी मी त्या बाजूला पाठ करून उभा राहतो. पेशंटला वाटतं लिफ्टमन गर्विष्ठ आहे.

तर ते कलम काढायचं नाय. ग्रेड काढा, पैसे काढा, लिफ्ट संपात पण चालू राहिली पायजे. नाय तर किल्लीचं मी सगळ्यांना सांगीन, पयला हौसेरावला. कमिटी वर चौथ्यावरच बसलीय ना? जा, सांग त्यांना.

नाय, लिफ्टनं नाय. जिन्यानं जा.