शून्याची जागा

धाकटा : ताई, उगाच ताणू नकोस. मशीन ‘झालं’ म्हणतंय, म्हणजे नोंद जपली गेली.

थोरली : मग आत्ता टेबलावरच्या या मशीनचा प्लग काढून परत लावला, तेव्हा त्यात काय उरलं?

धाकटा : ...काहीच नाही.

थोरली : आणि असलंच मशीन तिकडे दवाखान्यात दिवस भरण्याआधी जन्मलेल्या एका लेकराच्या उशाशी आहे. रात्रभरात श्वास कधी अडखळला, ते त्यात बघून डॉक्टर औषध ठरवणार. दवाखान्याची वीज केव्हा बंद करतायत?

धाकटा : आत्ता, जेवणाआधी. जनरेटर तपासायचाय. पण चूक तू प्रोग्रामवाल्यांसाठी लिहिलेल्या माहितीच्या पानाची! तूच लिहिलंयस, ‘या सिस्टिम कॉलला लायब्ररीत तयार फंक्शन नाही, थेट नंबराने बोलवा.’ बोलावलं!

थोरली : सिस्टिम कॉल म्हणजे मशीनच्या मूळ यंत्रणेला थेट सांगितलेलं काम; तयार फंक्शन असलं की ते मध्ये बसून सगळं सांभाळून घेतं. इथे दारात आपणच उभे. उशाशी असतं तसल्या छोट्या मशीनसाठी पानावर वेगळं उदाहरण दिलं होतं. त्यात कॉलसोबत द्यायच्या आकड्यांच्या मध्येच एक शून्य होतं.

धाकटा : ते काढलं.

थोरली : काढलंस?

धाकटा : ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ते असलं की अडायचं, काढलं की सुरळीत. वाटलं, तुझ्या हातून चुकून पडलंय.

थोरली : अरे माझ्या राजा! छोट्या मशीनमध्ये मोठा आकडा दोन खणांत बसतो, आणि ती जोडी ठरलेल्या खणापासूनच सुरू होते. आधीचा खण रिकामा सोडायचा, म्हणून शून्य. तू ते उचललंस, सगळे आकडे सरकले. आता ते बिचारं भलतीच जागा जपतंय आणि इमानदारीत ‘झालं’ म्हणतंय.

धाकटा : मग हे पानावर का नाही लिहिलंस?

थोरली : वाटलं, उदाहरण दिलंय, त्याला कोण कशाला हात लावेल.

धाकटा : मी लावला ना.

थोरली : सिस्टरना फोन लाव.

धाकटा : कंपनी मला घरी बसवेल गं. दुपारी गुपचूप नवा प्रोग्राम घालून येतो.

थोरली : आणि लेकराची गेलेली रात्र कुठून आणशील? नोकरी गेली तर माझ्या ताटातले दोन घास तुझे. देवाला स्मर आणि लाव.

(फोन लागतो.)

धाकटा : सिस्टर, मशीनवाला बोलतोय. वीज बंद करू देऊ नका. आधी पडद्यावरची नोंद कागदावर उतरवून घ्या, सगळी... हो, बिघाड मशीनचा. नाही, माझाच.

थोरली : काय म्हणाल्या?

धाकटा : थांबवलंय. उतरवून घेतायत.

थोरली : रागावल्या?

धाकटा : सोलून काढलं. तू काय लिहितेयस?

थोरली : ते शून्य तिथे का आहे, ते.