जमनीच्या दोन वेण्या

…अन् वरून लोक म्हणतात, पोरीले सांभाळाले काय लागते हो लखीराम, दोन वेळा भाकर घातली, झगा धुतला, झालं! झालं? अहो, अन् डोकं? खांद्याच्या वरतं जे आहे ते कोण सांभाळते? तुमाले सांगतो, बैल परवडला! बैलाच्या डोक्यावर शिंगं असतात, शिंगाले फणी लागत नाही, पोळ्याले एकदा हिंगूळ फासला की वर्षभर तिकडं पाह्याचं काम नाही. अन् पोट्टीचं डोकं? रोज! रोज सकाळी उठून पाहा तर काल केलेलं सारं उधळलेलं!

बसंती, म्हणजे माझी बायको, बाळंतपणाले माहेरी गेली राळेगावाकडं. जाताना बंडीत बसल्या बसल्या सांगून राह्यली, कोठ्यातलं शेण सकाळीच काढा, बांड्या बैलाच्या खुराले तेल लावा, कापसाच्या वेचणीले बाया कोणत्या बोलवायच्या, माठ कसा घासायचा… बंडी पार नाल्यापर्यंत गेली तरी सांगूनच राह्यली. अन् केसाचं? एक अक्षर नाही! जशी काही पोट्टी टकलीच आहे.

अन् ते केस पाह्यले का तुम्ही? आमची जमनी सहा-सात वर्षांची, अंग काडीसारखं, अन् डोक्यावर बोराटीची जाळी. कुरळे म्हणजे कसे कुरळे… एक केस धरून ओढा, कोपरापर्यंत येते, अन् सोडा, टुणकन कानावर जाऊन बसते! हे आलं कुठून म्हणता? बसंती म्हणते, तुमच्या घराण्यातून. आता माझा बाप टकला, आजा टकला, काका टकला… तिथून कोणते केस येतील?

तर पहिल्या दिवशी म्हणलं, केसच ते, वाघ आहे काय? लाकडाची फणी घेतली, डोक्याच्या मधोमध टेकवली अन् वखर हाकल्यासारखी सर्रकन खाली… खाली कुठली? दोन बोटं गेली अन् अडकली! मी गडी माणूस, जोर लावला. टक्! फणीचा दात तुटला, अन् जमनीनं अशी किंकाळी फोडली की शेजारचा भीमसिंग चिलीम घेऊन तसाच पळत आला.

"काय रे लखीराम, सकाळी सकाळी बोकड कापून राह्यला काय? आमाले सांगितलंही नाही!"

म्हणलं, बोकड नाही बावा, वेणी घालून राह्यलो.

"वेणी? तू?" अन् जो हसला, जो हसला… "अरे, तांड्याच्या नायकाच्या शेजारी पंगतीले बसणारा गडी तू, फणी हाती धरते? आता घागरा कधी नेसतं?"

आता बोला! तांड्यात राह्याचं म्हणजे तोंड दाखवाले जागा पायजे ना? मी तवापासून ठरवलं, हे काम कोठ्यात करायचं, दार ओढून, बैलायच्या आड. अन् जमनीले बजावलं, "हे पाय छोरी, कोणी इचारलं तर बापू वेणी घालते म्हणून सांगायचं नाही. काय?" तिनं मान हलवली. मान हलवली की केसही हलतात. अन् कोरडे केस विंचरले की काय होते माहीत आहे तुमाले? फुगतात! एवढंसं कवठासारखं डोकं, त्याचं टोपलं झालं टोपलं! मी जितकं विंचरो तितकं ते वाढत जाय. बैल परवडला हो, बैल विंचरल्यानं मोठा तरी होत नाही!

तशीच गेली शाळेत. नवी जिल्हा परिषद झाली तवा गावच्या शाळेत यवतमाळहून मास्तरीणबाई आल्या, विमलताई. स्वच्छ लुगडं, मनगटाले घड्याळ, अन् बोलणं असं की पोट्ट्यांचं नाक आपोआप पुसलं जाते. त्यायनं जमनीले उभं केलं. "हे बघ जमने, असं झिंज्या पसरून वर्गात बसायचं नाही. तुझ्या मागच्या मुलीला फळा दिसत नाही! उद्यापासून दोन वेण्या, वर लाल रिबिनी. घरी जमत नसेल तर बारीक कापून ये."

कापून? आमच्यात पोरीचे केस कापतात काय? अहो, बसंतीनं येऊन ते मुंडकं पाह्यलं असतं तर पोरीच्या राहू द्या, माझी हजामत झाली असती, अन् बिनपाण्याची!

आता तुम्ही म्हणाल, मंग नसती गेली शाळेत, काय बिघडते? रुक्माबाई, माझी थोरली बहीण, हेच म्हणते. "छोरीले शाळा कायले रे? ढोरायच्या मागं जाईन, सरपण आणीन…" तांड्यातून शाळेत जाणारी पोट्टी ही एकटीच ना, म्हणून साऱ्यायच्या डोळ्यात खुपते. पण मी कायले धाडतो, ते ऐका. मागच्या साली सासरा बिमार पडला, मी राळेगावले निघालो, हातात कोंबडा. बाभुळगावच्या स्टँडवर आलो, एस.टी. उभी. पाटी कोणाले वाचता येते? बसलो. डोळा लागला. उतरलो तर यवतमाळ! सासरा तिकडं, मी इकडं, अन् कोंबडा मधातच ओरडून राह्यला. चार माणसं हसली. तवा म्हणलं, माझ्या घरात एक तरी माणूस पाटी वाचणारं झालं पायजे, मंग ते पोरगं असो की पोरगी असो. एवढ्यासाठी धाडतो. अन् ते सारं येऊन अडकलं कशात? केसात!

दुसऱ्या दिवशी मात्र मी डोकं लावलं. म्हणलं, लखीराम, तू वेणीले कायले भेतं? तुझे आजे-पणजे बैलायच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलुखभर फिरले. आमच्या तांड्यात लेकरू चालाले लागायच्या आधी दोर वळाले शिकते! तीन पेडाचा दोर अन् तीन पेडाची वेणी, फरक काय? बसवलं जमनीले कोठ्यात. केस ओले केले, दोर वळताना अंबाडी करतो तसे. म्हणलं आधी एकच वेणी, पण पक्की; तीन पेड घेतले, पाय रोवला, अन् दिला पीळ! काय वळली म्हणता वेणी… कडक! उभी केली असती तर उभी राह्यली असती. अन् टोकाले मारली लदेणीची गाठ. ही गाठ म्हणजे आमच्या आज्याची, बैल उतारावर पळाला तरी गोणी सुटत नाही, जितकी ओढाल तितकी आवळते.

मी खूश. पण पोट्टीकडं पाह्यलं तर काही तरी येगळं वाटे. तिच्या भुवया… वरतं गेलत्या. पार कपाळाच्या मधात! डोळे ताणलेले, तोंड जरासं उघडं. म्हणलं, जमने, काय झालं? म्हणे, "काही नाही बापू." म्हणलं, मंग अशी काहून पाहून राह्यली? म्हणे, "मी नाही पाहून राह्यली, असंच दिसून राह्यलं."

तशीच गेली. अन् मास्तरीणबाई पाढे सांगून राह्यल्या, बे एके बे… जमनी डोळे फाडून पाहते. बे दुणे चार… तरी डोळे फाडून पाहते! बाई थांबल्या. "जमने, बे दुणे चार होतात याचं एवढं काय आश्चर्य वाटलं गं तुला?" सारा वर्ग हसला. मंग भूगोल झाला, तरी हिचं आश्चर्य संपत नाही. पोट्टे हात जोडून म्हणाले लागले, "जमने, डोळे मिट वो, आमाले भेव लागते!" मिटेल कशी? मिटत असतील तर मिटेल ना!

संध्याकाळी घरी आली ते कपाळ धरून, अन् रडून राह्यली… तुमाले सांगतो, त्या ताणलेल्या चेहऱ्यानं रडणं पाह्यलं नाही जात. सोडाले गेलो तर गाठ सुटते कुठं? आज्याची गाठ! मी ओढो तितकी ती आवळे. रुक्माबाई आली ती इळाच घेऊन आली. "हट रे, काप ते एकदाचं! केसही गेले अन् शाळाही गेली, झंझट मिटली!"

मी इळा हिसकून घेतला. मंग तेल ओतलं, सुईनं एक एक पदर उकलला, अंधार पडेपर्यंत बसलो तवा ती वेणी सुटली. भुवया खाली आल्या. अन् जमनीनं काय केलं माहीत आहे?  उठली, पाटी घेतली अन् धान्याच्या कणगीमागं टाकून दिली. "मी नाही जात आता शाळेत." मी म्हणलं, अवं… म्हणे, "नाही म्हणजे नाही. सारे हासतात." अन् माझ्याकडं पाठ करून निजली.

बैल परवडला! बैल नाही म्हणाला तर खिळ्याची तुतारी तरी टोचता येते. पोरीनं पाठ केली तर काय करता?

दुसऱ्या दिवशी गेली नाही. तिसऱ्या दिवशी रुक्माबाई तिले सरपणाले घेऊन गेली, अन् जाता जाता माझ्याकडं अशी पाहे, की पाय, झालं का नाही माझ्या मनासारखं? मी वेचणीत होतो, पण ध्यान नव्हतं. संध्याकाळी बैल घरी आले तर लाल्याची शेपटी पाहा… रानातून आलता, शेपटीत इथून तिथून गोखरू. नुसते काटेच काटे, केसाचा गोळा झालेला. भीमसिंग म्हणे, आण मी काढतो, अन् धरली शेपटी मुळापाशी अन् ओढली सर्रकन खाली. लाल्यानं लाथ घातली ती भीमसिंग जाऊन शेणात बसला!

मी ओरडलो त्याच्यावर, "अरे अकलेच्या, तसं ओढतात काय? शेपटी आपली वरतं मुठीत धरायची घट्ट, मंग झटका मुठीले लागते, बैलाले लागत नाही. अन् सोडवत यायचं खालून. आधी टोक, मंग त्याच्या वरचं, मंग त्याच्या वरचं… गडी आहे का कोण आहे तू? बैलालेही जीव…"

अन् माझं तोंड तसंच उघडं राह्यलं.

भीमसिंग शेणातूनच म्हणे, "काय झालं?" म्हणलं, काही नाही, तू घरी जाय. अन् त्याले घालवून दार ओढलं अन् जमनीले हाक मारली. ती आली ती आधीच कानावर हात ठेवून. म्हणलं, बस, आज दुखलं तर उद्यापासून सरपणाले जाय, मी काही म्हणणार नाही. बसली. मी फणी बाजूले ठेवली. आधी पाणी. मंग तिळाचं तेल, हाताले चोळून. मंग एक बट घेतली, वरतं मुठीत धरली, अन् बोटानं, नुसत्या बोटानं, टोकापासून सोडवत आलो. पोट्टी तोंड उघडून तयार बसलती, आता ओरडते मंग ओरडते… मी दुसरी बट घेतली. तिचं तोंड उघडंच. तिसरी घेतली. अन् त्या उघड्या तोंडातून काय निघालं असेल? जांभई! माझ्या गुडघ्याले टेकून निजलीच ती.

सकाळी ते केस असे पडले होते जसे नदीचे भवरे. दोन भाग केले, भांग थोडा वाकडा आला, नाही म्हणत नाही, पण दोन वेण्या, ढिल्या, वर लाल रिबिनी. तिनं घागरीतल्या पाण्यात तोंड पाह्यलं. डावीकडून पाह्यलं, उजवीकडून पाह्यलं. मंग कणगीमागं गेली अन् पाटी काढून आणली. फडक्यानं पुसली. मी तोंड फिरवून लाल्याले कडबा टाकाले लागलो.  कोठ्यात धूळ लय असते, डोळ्यात जाते.

मंग हात बसत गेला हो. भांग सरळ आला, दोन्ही वेण्या सारख्या आल्या, फणी लागेनाशी झाली. रुक्माबाई गप झाली. अन् माणसाचा स्वभाव कसा असते पाहा, आधी वाटे कोणाले कळू नये, मंग वाटाले लागलं कोणाले तरी कळावं! एवढी कारागिरी, अन् पाहणारे कोण, तर दोन बैल? म्हणून एक दिवस तुरीच्या हिरव्या शेंगा धोतराच्या सोग्यात बांधल्या अन् गेलो शाळेत. मास्तरीणबाई भेटल्या. इकडचं बोललो, तिकडचं बोललो, मंग हळूच म्हणलं, पोट्टीच्या वेण्या आता ठीक असतात ना बाई?

"अहो, ठीक? फारच सुरेख! मी मुद्दाम विचारलं तिला, कोण घालतं गं? म्हणाली, याडी. याडी म्हणजे आईच ना तुमच्याकडे? घरी सांगा हो त्यांना, मी कौतुक केलं म्हणून."

म्हणलं… सांगतो बाई.

वाटेत जमनीले इचारलं, काहून वं, याडी कधी आली? तर मलेच म्हणते, "बापू, तूच तर म्हणलता, कोणाले सांगायचं नाही!" आता हिले काय म्हणता?

मंग आली बसंती, पोरगा घेऊन. बाभुळगावच्या बाजारात गेलो सारे, तर समोरून मास्तरीणबाई! "तुम्हीच ना जमनीच्या आई? काय हात आहे हो तुमचा! एवढी नीट वेणी गावातल्या बायकांना येत नाही." मी मागं, डोक्यावर कांद्याचं गाठोडं. म्हणलं, आता बसंती म्हणते, बाई, मी तर माहेरी होती. आता निघते लखीरामचं नाव. बसंतीनं माझ्याकडं पाह्यलं. जमनीच्या डोक्याकडं पाह्यलं. ओढणी सावरली, अन् म्हणते, "हो बाई, लहानपणापासूनच हात बसला आहे माझा."

घरी आल्यावर मी तिच्यावर उखडलो, तर माझ्यावरच उलटली. "मंग काय सांगू? बाप फणी घेऊन बसते म्हणून? तुमची इज्जत राखली मी, अन् तुम्ही मलेच बोलता!" घ्या!

म्हणलं ठीक आहे, नाव तुझं तर काम तुझं. सकाळी दिली फणी तिच्या हाती. तिनं जमनीले बसवलं, फणी टेकवली मधोमध अन् सर्रकन… जमनी किंकाळी फोडून लाल्याच्या पोटाखालून पार झाली. "याडी ओढते! मले बापूच पायजे!" बसंती उभी, हातात फणी. फणीकडं पाहे, माझ्याकडं पाहे. मंग बाहेर कोणी नाही ते पाह्यलं, अन् हळूच म्हणाली, "जमनीच्या बापू, या इकडं. मी घातल्या तर मास्तरीणबाई एका नजरेत ओळखतीन."

तवापासून हे असं आहे. मी आत बसतो, ती पोरगं मांडीवर घेऊन दारात पहारा देते, चहाही तिथंच पिते. काल दोन्ही वेण्या झाल्या, रिबिनी झाल्या, जमनी पाटी घेऊन उठली, तर ही दारातून म्हणते, "थांबा. डावी जरा ढिली आहे. गावात नाव आहे माझं."

काय करता? बसवलं पोट्टीले परत, सोडली डावी, अन् घातली पुन्हा.