मोठा क्रँक, जुने पिस्टन

“कसारा घाटात बंद पडलेली माझी गाडी सासऱ्याने ढकलली रे! आता दिवाळसणाला कुठल्या तोंडाने जाऊ?”

मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगखाली हे आपल्या मित्राला, सुधीरभाऊजींना, सांगत होते. वर गॅलरीत मी कपडे वाळत घालतेय, हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

झालं! यंदा नाशिकला माझ्या माहेरी त्याच जुन्या गाडीने जायचं आणि घाट एका दमात चढायचा, असं ठरलं. भाऊजींनी कुर्ल्याच्या भंगारातून मोठ्या मॉडेलचा क्रँक, म्हणजे पिस्टन वरखाली करणारा दांडा, आणला. “हा मोठा फेरा घेतो. पिस्टनची धाव वाढली की इंजिन मोठं झालंच समज!”

मी चहा घेऊन खाली गेले, तर पिस्टन इंजिनाच्या ब्लॉकच्या वर नखभर डोकावत होते. क्रँक बदलला होता, पिस्टन जुनेच.

“हे असे वर येतात?” मी विचारलं.

“वहिनी, ती ताकद आहे,” भाऊजी म्हणाले. मी कपबश्या उचलून वर आले.

दुसऱ्या दिवशी ब्लॉकवरचं झाकण, म्हणजे हेड, बसवून यांनी हँडल मारलं. अर्ध्या फेऱ्यात ठक्क.

“नवीन आहे, होईल मोकळं.”

मग गिअर टाकून शेजारच्या चौघांनी गाडी ढकलली. चाकं फिरेचनात, नुसती फरफटली. शेवटी हेड उघडलं, तर आतून पिस्टन आपटल्याचे गोल ठसे.

“घाट राहू दे,” भाऊजी पुटपुटले, “ही गेटबाहेरही जायची नाही.”

हे खाली मान घालून बसले.

“अहो, परवाच्या एस.टी.ची दोन तिकिटं काढून ठेवलीत मी,” मी म्हटलं. “खिडकी तुम्हाला.”