तो मुलगा परत का फिरला?

मित्रांनो, आज सकाळी मी सवयीने सात कप मांडले. काळा चहा ओतला. सातवा कप भरल्यावर हात थांबला. शुक्रवारच्या बैठकीतले आपण तर आता सहाच उरलो. तो चहा परत किटलीत ओतवेना. तिथे टेबलावर ठेवलाय. गार झालाय. असू द्या तसाच.

कुणी जुम्म्याचा नमाज आटोपून, कुणी जेवण मागे ठेवून तुम्ही सगळे या मेसमध्ये थांबलात. मला बोलायला उभं केलंत. मी पाइप फिटर, चार माणसांत बोलायची सवय नाही. अडखळलो तर सांभाळून घ्या.

जे या महिन्यात सौदीत, या कॅम्पात आलेत, त्यांना दाऊदभाई फक्त रिगरांचे फोरमन म्हणून माहीत. क्रेनखाली पाइप बांधून झाला की प्रत्येक गाठ स्वतः ओढून बघणारा माणूस. पण दापोलीकडचा हा माणूस तरुणपणी जहाजावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, होता. मलायातल्या एका बंदरावर चार वर्षं राहिला, तिथली भाषा शिकला. तिथून आणलेली एक कादंबरी त्यांच्या पेटीत असायची. दर शुक्रवारी नाश्त्यानंतर ते ती उघडायचे. डोळे मलय ओळीवर, तोंडातून मराठी. माझी रामरक्षा मनातल्या मनात चालू असली, तर थांबायचे. "कदम, तुझं झालं का? मग नदीत उतरू."

गोष्ट साधी होती. पंधरा वर्षांचा एक मुलगा आणि त्याची धाकटी बहीण. शेजाऱ्याची होडी मागून घेऊन निघालेले. नदीला पूर येतो, दोघं वाहत लांब जातात. होडी फुटते. डोंगरावरून पायी गेलं तर एका दिवसात घर. होडी दुरुस्त करून ओढत न्यायची, तर कोण जाणे किती दिवस.

आपले सावंत वेल्डर पहिल्याच दिवशी म्हणाले, "खलास! होडी सोड, पोरीला घे, चल घरी. यल्ला!"

दाऊदभाई म्हणाले, "होडी कुणाची?"

"शेजाऱ्याची."

"तो मासे कशाने मारणार? तुझ्या वेल्डिंग मशीनने?"

किती हसलो होतो आपण! आणि किती भांडलो! चाळिशी-पन्नाशीची माणसं, एका न पाहिलेल्या नदीतल्या होडीवरून. मला अजून नवल वाटतं. आपल्याला त्या पोराचं एवढं का पडलं होतं?

दाऊदभाईंचा एक नियम होता. प्रकरण संपलं की पुस्तक मिटायचं आणि प्रत्येकाला विचारायचं. सल्ला द्यायचा नाही. तुम्ही त्या वयात होता तेव्हा खरोखर काय केलंत, ते सांगायचं. सगळ्यांनी सांगितल्याशिवाय पुढचं पान नाही. सावंतांनी सांगितलं, चौदाव्या वर्षी ते गुरं रानात सोडून जत्रेला पळाले होते. केवढं धाडस लागतं असं सांगायला!

आणि मी? मी दर वेळी म्हणायचो, "मी ओढली असती होडी." दर वेळी. दाऊदभाई माझ्याकडे बघायचे. एकदा म्हणाले, "कदम, तुझी होडी फार लवकर घरी पोहोचते रे." सगळे हसले. मीही हसलो.

गेल्या शुक्रवारचं प्रकरण तुम्हाला आठवतं. मुलगा बहिणीला म्हणतो, तू होडीपाशी बस, मी मदत घेऊन येतो. ती बसते. तो निघतो. अर्धा डोंगर चढतो. आणि परत फिरतो. दाऊदभाईंनी पुस्तक मिटलं. म्हणाले, "का फिरला? पुढच्या शुक्रवारी सांगा."

मंगळवारी साइटवर त्यांच्या छातीत कळ आली. हॉस्पिटल गाठेपर्यंत सगळं संपलं. आपण त्यांना इथल्या मातीत ठेवून आलो. त्यांच्या मुलाने फोनवर पेटी मागितली, म्हणून पुस्तक पेटीबरोबर गावी गेलं. तीन प्रकरणं राहिली. पण प्रश्न इथेच राहिला, आणि तो शुक्रवार आज आहे.

म्हणून सांगतो.

माझे वडील गेले तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. आई अंथरुणाला खिळलेली. बहीण सुलभा तेरा वर्षांची, सातवीत. वर्गात पहिली. मी तिला म्हणालो, तू आईपाशी थांब, मी मुंबईला काम शिकून दिवाळीला येतो, मग तुझी शाळा पुन्हा सुरू करू. ती थांबली. मी गेलो. कुठल्याही डोंगरावरून मी परत फिरलो नाही. दोन वर्षांनी घरी गेलो, तेव्हा तिची वह्या-पुस्तकं दुसऱ्या कुणाला देऊन झाली होती. तिने तक्रार केली नाही आणि मीही तो विषय काढला नाही. तेहतीस वर्षं राखीपौर्णिमेला एकमेकांची तब्येत विचारतो.

दाऊदभाई, माझी होडी कधी निघालीच नव्हती.

आज सकाळी चहा तसाच ठेवून मी फोन कार्ड घेतलं आणि गेटजवळच्या बूथवर गेलो. सुलभा घाबरली. "दादा, बरा आहेस ना? या वेळी फोन?"

म्हणालो, "बरा आहे. दिवाळीला येतो म्हणालो होतो. आलो नाही."

"कुठल्या दिवाळीला?"

"तू सातवीत होतीस, त्या."

ती म्हणाली, "माझी कंपासपेटी तू नेलीस. मला वाटायचं, ती तरी परत आणशील."

तेरा वर्षांच्या मुलीने एवढी वाट बघितली होती, आणि मला ती पेटी नेल्याचंही आठवत नव्हतं. मी माफी मागितली. मग जे एकदाही विचारलं नव्हतं, ते विचारलं. "सुलभा, तुला काय व्हायचं होतं गं?"

ती म्हणाली, "हे विचारायला सौदीला जावं लागलं होय तुला? थांब. गॅस बंद करून येते."

आली. आणि बोलत राहिली. कार्ड संपेपर्यंत मी फक्त ऐकलं.

तो मुलगा परत का फिरला, ते पुस्तकात काय लिहिलंय मला माहीत नाही. फार जाणून घ्यावंसं वाटतं. मला एवढंच कळलं, की मागे कुणीतरी आपल्या शब्दावर बसलेलं असतं. मी फार उशिरा फिरलो, पण दाऊदभाई, आज फिरलो.

उभे राहू या. ज्याला जी प्रार्थना येते, ती त्याने मनात म्हणावी. सगळ्यांची झाल्याशिवाय कुणी बसू नये. दाऊदभाई थांबायचे, तसे थांबू.