मावशीच्या कॅसेटमधले बाबा

एस्तेर मावशीच्या कॅसेटमध्ये शेवटच्या गाण्यात जो पुरुषाचा आवाज येतो ना, ते माझे बाबा.

तेल अविवच्या मोठ्या कंपनीने तिच्या गाण्यांतल्या मराठी ओळी काढायला लावल्या, म्हणून मावशीने कंपनी सोडली आणि आमच्या घरीच रेकॉर्डिंग केलं. मशीन उसनं होतं, संध्याकाळी परत द्यायचं होतं. आवाज नको म्हणून मी फ्रिजसुद्धा बंद केला होता. शेवटचं गाणं संपत आलं, तेवढ्यात बाबा कारखान्यातून आले आणि दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या डबीला, हात लावून रोजच्यासारखे ओरडले, "पोरींनो, जेवलात का?"

मला रडूच आलं. "मावशी, सगळं बिघडलं!"

मावशीने टेप मागे घेऊन ऐकली.

"राहू दे गं. कंपनीत मला हे कुणी कधी विचारलं नव्हतं."